टाइप एररचे पणजोबा: बर्ट्रांड रसेल

कोटलिनमध्ये नंबरच्या जागी मजकूर दिला, की कंपायलर लगेच अडवतो. पण ‘टाइप’ ही कल्पना कॉम्प्युटरच्याही आधीची आहे, गणितातली.

बर्ट्रांड रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ चा, वेल्समधला. आई-वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. केंब्रिजमध्ये ते गणित शिकले. १९०१ मध्ये त्यांना एक कोडं सापडलं. जे संच स्वतःचे सदस्य नाहीत, त्या सगळ्यांचा एक संच करा. आता हा संच स्वतःचा सदस्य आहे का? हो म्हटलं तर उत्तर नाही येतं, नाही म्हटलं तर हो! १९०२ मध्ये त्यांनी हे जर्मनीत गॉटलोब फ्रेगे यांना पत्राने कळवलं. फ्रेगेंच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छपाईत होता. त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचा पायाच हलला.

मग रसेलनीच उपाय शोधला आणि १९०८ मध्ये तो सविस्तर मांडला. वस्तू खालच्या पायरीवर, वस्तूंचे संच त्याच्या वर, संचांचे संच आणखी वर. संचात फक्त खालच्या पायरीचे सदस्य चालतील. म्हणजे तो घातक प्रश्न विचारताच येत नाही. या पायऱ्या म्हणजेच टाइप्स.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे १९१८ मध्ये रसेल तुरुंगात गेले. तिथेही त्यांनी गणितावर पुस्तक लिहिलं. १९४० मध्ये अलोन्झो चर्च यांनी टाइप्स फंक्शन्सना जोडले. पुढे हाच विचार प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये आला. १९५० मध्ये रसेलना साहित्याचं नोबेल मिळालं. २ फेब्रुवारी १९७० ला, वयाच्या ९७ व्या वर्षी ते गेले.

चूक घडल्यावर निस्तरण्यापेक्षा ती लिहूच द्यायची नाही, हे काम आज तुमचा कंपायलर करतो.