लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : भूत नसलेली भीतीची गोष्ट



तुमच्यापैकी बऱ्याच जणांना भीतीच्या गोष्टी आवडतात, हे मला माहीत आहे. मोबाईलवर रक्त पिणारे व्हॅम्पायर पाहायचे आणि रात्री एकट्यानं अंगणात जायला घाबरायचं! हा व्हॅम्पायर प्रसिद्ध झाला तो ब्रॅम स्टोकर या लेखकाच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ च्या कादंबरीमुळे. त्यातला ड्रॅक्युला दिवसा शवपेटीत पडून राहतो आणि रात्री उठून माणसांचं रक्त पितो. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून विक्रम-वेताळाच्या गोष्टी आहेत. तिथंही स्मशान आहे, प्रेत आहे.

पण आपल्याच मातीतल्या एका लेखकानं स्मशानावर अशी कथा लिहिली, की तिच्यात भूत नाही, वेताळ नाही, तरी वाचताना अंगावर काटा येतो. ते लेखक म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. आज आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊया.

जन्म आणि बालपण

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. त्यांचं मूळ नाव तुकाराम. वडिलांचं नाव भाऊराव आणि आईचं नाव वालुबाई. आज वाटेगाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे. पण तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून साताऱ्याची मुलं काय, सांगलीची मुलं काय, दोघांनीही अण्णाभाऊंना आपलं म्हणायला हरकत नाही.

ते मातंग समाजातले. इंग्रज सरकारनं कायदा करून या समाजावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. गावात कुठं चोरी झाली की पोलीस आधी याच वस्तीत येणार. विचार करा, ज्या घरातल्या लेकरांना पोलिसांच्या बुटांच्या आवाजानं जाग येते, त्यांना भुताची काय भीती वाटणार?

अण्णाभाऊ शाळेत गेले फक्त दीड दिवस. जातिभेदामुळे शाळा सुटली ती कायमची.

मुंबईची वाट

घरात दारिद्र्य, त्यात दुष्काळ. अण्णाभाऊ अकरा-बारा वर्षांचे असताना हे कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघालं, तेही पायी! मिळेल ते काम करत, मिळेल ते खात ते मुंबईला पोहोचले. तिथं अण्णाभाऊंनी कोळसा वेचला, हमाली केली, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं पाहत पाहत ते अक्षरं जुळवायला शिकले.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहताना त्यांनी सुरुवातीलाच गाणं रचलं ते मच्छरांवर, असं सांगतात. गंमत वाटली ना? पण झोपडीत राहणाऱ्या कामगाराचं रक्त खरोखर कोण पीत होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं यांतून ते कामगारांना जागं करत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरांत पोहोचली.

स्मशानातलं सोनं

आता त्या कथेकडे येऊया. तिचं नाव 'स्मशानातील सोनं'. कथेचा नायक भीमा हा वारणाकाठचा तगडा गडी. पोट भरायला मुंबईला येतो आणि खाणीत काम धरतो. काही दिवसांनी खाण बंद पडते. घरात बायको आहे, लहान मुलगी आहे. मग काय करायचं? एकदा चितेच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि त्याला वाट दिसते. तो रात्री स्मशानात जाऊन राख चाळू लागतो, पुढं पुरलेली मढी उकरू लागतो.

एका रात्री त्याच मढ्यावर कोल्हीही येतात. अंधारात माणूस आणि कोल्ही यांची झुंज होते. कोल्ह्यांना मांस हवंय, याला सोनं हवंय. भूक मात्र दोघांनाही लागलेली. शेवटी प्रेताच्या तोंडात सोनं शोधताना भीमाची बोटं त्या जबड्यात अडकतात. त्याचा जीव वाचतो, पण बोटं जातात. आणि त्याच दिवशी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली! आता दगड फोडायचे कशानं?

मित्रांनो, इथं थोडं थांबा. ड्रॅक्युला शवपेटीतून उठून जिवंत माणसांकडे येतो. भीमा जिवंत असून मढ्यांकडे जातो. ड्रॅक्युला पुस्तक मिटलं की संपतो. भीमाला तिथं पाठवणारी भूक आणि बेकारी मात्र आपल्या आजूबाजूला अजून आहे. म्हणून ही कथा जास्त भीती घालते. आणि नुसती भीतीच घालत नाही, भीमाबद्दल कळवळाही वाटायला लावते.

पुढील जीवन

१९५९ मध्ये त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, इंग्रजांशी झुंजणारा फकिरा त्यांच्याच मुलखातला. १९६१ मध्ये या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला गेले आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसानं पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय कितीतरी कथा!

पण गरिबीनं त्यांची पाठ सोडली नाही. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय जेमतेम अठ्ठेचाळीस. २००२ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

मुलांनो, भीतीच्या गोष्टी जरूर वाचा. पण वाचून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : या गोष्टीत खरं भीतिदायक काय आहे? आठवी-नववीच्या पुढच्या मुलांनी 'स्मशानातील सोनं' मिळवून वाचा आणि भीमाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते दहा ओळींत वहीत लिहा. उत्तर सोपं नाही, म्हणून घाई करू नका.