रक्ताला जात लावणारे आणि डॉ. चार्ल्स ड्र्यू

रक्तपेढीचा शोध लावणारा कृष्णवर्णीय डॉक्टर मोटार अपघातात जखमी झाला, गोऱ्यांच्या इस्पितळाने त्याला दारातूनच परत पाठवले आणि ज्याने जगाला रक्त साठवायला शिकवले तोच रक्ताअभावी मेला, ही गोष्ट आम्ही चळवळीच्या व्यासपीठावरून ऐकली आहे. त्यावर पडणाऱ्या टाळ्याही ऐकल्या आहेत. ही गोष्ट डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्र्यू यांची. पण तिचा शेवट खरा नाही. त्या खोट्या शेवटाच्या गर्दीत हा माणूस पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात काय करून गेला तेच झाकले जाते, म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

ड्र्यू यांचा जन्म 3 जून 1904 रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील गालिचे बसवणारे कारागीर, आई शिक्षिकेचे शिक्षण घेतलेली. देशाची राजधानी असली तरी काळ्यांच्या शाळा वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या. 1920 साली फ्लूच्या साथीत क्षयाने खंगलेली बहीण गेली. पोरगा मैदानावर तरबेज होता. खेळाच्या शिष्यवृत्तीवर तो ॲमहर्स्ट कॉलेजात गेला, 1926 साली पदवीधर झाला. डॉक्टर व्हायचे होते, पण पैसे नव्हते. मग दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले.

पैसे साठले तरी शिकायचे कुठे? अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणारा फ्लेक्सनर अहवाल 1910 साली आला. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच त्यानंतर बंद पडली. उरली दोन. वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहारी. गोऱ्यांच्या महाविद्यालयांत एखाद-दुसरी जागा मिळाली तर मिळाली. म्हणजे दर्जाची फूटपट्टी आधी तयार झाली आणि तिने मोजून दरवाजे बंद केले गेले. बंद दारांच्या बदल्यात नवे दार उघडण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही. हॉवर्डने ड्र्यू यांना इंग्रजीचे गुणांक कमी म्हणून नाकारले. हार्वर्डने वर्षभर थांबायला सांगितले. शेवटी ते देश सोडून कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले आणि 1933 साली 137 विद्यार्थ्यांत दुसरे आले.

इथे आम्हाला 2006 सालची आठवण होते. वैद्यकीय शिक्षणात ओबीसींना आरक्षण नको म्हणून शिकल्या-सवरलेल्या भावी डॉक्टरांनी रस्ते झाडून निषेध केला होता. झाडू हातात घेतला की अपमान होतो, हे त्यांना कोणी शिकवले? गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्या त्याच काळात दिल्लीच्या एम्स संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वागवले जाते याचा तपास थोरात समितीने केला आणि 2007 साली वसतिगृहापासून परीक्षेपर्यंतचा भेदभाव नोंदवला. असो.

1935 मध्ये ड्र्यू हॉवर्डमध्येच शिकवायला आले. 1938 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात शिकले तेच हे कोलंबिया. बाबासाहेबांना तिथे मोकळा श्वास घेता आला म्हणून आपल्याला त्या नावाविषयी जिव्हाळा आहे. परंतु काळ्या डॉक्टरने गोऱ्या रुग्णाला हात लावण्याचा प्रश्न आला तेव्हा तेथील इस्पितळही कचरले. ड्र्यू यांना वॉर्डाऐवजी डॉ. जॉन स्कडर यांच्या प्रयोगशाळेत, रक्ताच्या संशोधनावर नेमण्यात आले. दूर ठेवण्यासाठी दिलेल्या त्या जागेचे त्यांनी सोने केले.

रक्तपेढीचा शोध त्यांनी लावला असे म्हणणे मात्र बरोबर नाही. सोव्हिएत रशियात रक्त साठवले जात होते, शिकागोत 1937 साली डॉ. फँटस यांनी इस्पितळाची रक्तपेढी उघडली होती. अडचण टिकण्याची होती. शीतपेटीत ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्याच दिवसांत फुटू लागत. रक्त किती दिवस चालते, का बिघडते, कोणत्या बाटलीत आणि किती थंडीत ठेवावे, याची बारीकसारीक तपासणी ड्र्यू यांनी केली. बँक्ड ब्लड हे त्यांच्या प्रबंधाचे नाव. 1940 साली त्यावर कोलंबियातून वैद्यकातील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. पेशी काढून टाकल्या की उरतो तो पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. तो जास्त टिकतो आणि त्या काळी तो देताना रक्तगट जुळवत बसत नसत. रणांगणावर याची किंमत काय असेल ते सांगायला नको.

त्याच वर्षी जर्मन विमाने ब्रिटनवर बॉम्ब टाकत होती. न्यूयॉर्कच्या इस्पितळांतून रक्त गोळा करून प्लाझ्मा ब्रिटनला पाठवण्याची मोहीम ऑगस्टमध्ये सुरू झाली, पण प्रत्येक इस्पितळाची तऱ्हा निराळी, त्यामुळे जंतुसंसर्गाची धास्ती. ड्र्यू यांना बोलावले गेले. त्यांनी सगळीकडे एकच पद्धत, एकच चाचणी, एकच शिस्त लावली. जानेवारी 1941 पर्यंत चौदा हजारांहून अधिक लोकांनी रक्त दिले. लगेच रेडक्रॉसने अमेरिकन सैन्यासाठी वाळवलेल्या प्लाझ्माचा प्रायोगिक प्रकल्प त्यांच्या हाती सोपवला.

आणि त्याच रेडक्रॉसने, अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारास, कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचेच नाही असे ठरवले! ओरड झाल्यावर जानेवारी 1942 पासून घेऊ लागले, पण वेगळे ठेवू लागले. बाटलीवर वंशाची चिठ्ठी. या नियमाप्रमाणे खुद्द ड्र्यू यांचे रक्तही गोऱ्या शिपायाला चालणार नव्हते. आपल्याकडे पाणवठा वेगळा, तिकडे रक्तपेढीची बाटली वेगळी. ड्र्यू यांनी निषेधार्थ राजीनामा दिला असेही सांगतात. तारखा पाहिल्या तर ते 1941 च्या वसंतात, हा हुकूम निघण्यापूर्वीच हॉवर्डला परतले होते. मात्र या धोरणाला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. रेडक्रॉसने ती चिठ्ठी 1950 साली काढली. लुइझियाना राज्यातला रक्त वेगळे ठेवण्याचा कायदा तर 1972 साली गेला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली.

आमच्या मते ड्र्यू यांचे सर्वांत मोठे काम रक्ताचे नव्हे, विद्यार्थ्यांचे. नाव झालेला माणूस मोठ्या पगारावर कुठेही गेला असता. ते हॉवर्डमध्ये आणि गुलामीतून सुटलेल्यांसाठी 1862 साली निघालेल्या फ्रीडमेन्स इस्पितळात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि पोरे घडवत बसले. 1941 ते 1950 या काळात अमेरिकन बोर्डाचे प्रमाणपत्र मिळवलेल्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्या बोर्डाचे ते स्वतः परीक्षक होते. तरीही वॉशिंग्टनच्या डॉक्टरांच्या संघटनेत त्यांना सदस्यत्व नव्हते, आणि स्थानिक संघटनेत नाही म्हणून अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्येही नाही. 1947 साली त्यांनी असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून जाब विचारला. उपयोग झाला नाही. असोसिएशनने कृष्णवर्णीय डॉक्टरांची माफी मागितली ती 2008 साली.

1 एप्रिल 1950. अलाबामातील टस्कीगी येथे दरवर्षी भरणाऱ्या मोफत वैद्यकीय शिबिरासाठी ड्र्यू तीन डॉक्टरांसह रात्रभर मोटार चालवत निघाले होते. दक्षिणेतल्या बहुतेक लॉजमध्ये काळ्या माणसाला खोली मिळत नसे, हे लक्षात घ्यावे लागेल. सकाळी उत्तर कॅरोलिनातील बर्लिंग्टनजवळ चाकावर त्यांचा डोळा लागला आणि गाडी उलटली. अलामान्स जनरल इस्पितळातील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतले, शर्थ केली, पण छातीच्या जखमा जीवघेण्या होत्या. हे सोबतच्या कृष्णवर्णीय डॉक्टरांनीच सांगितले आहे.

मग ती गोष्ट आली कुठून? त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच जिल्ह्यात एका चोवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला अपघात झाला. महायुद्धात सैनिक म्हणून राबलेला हा तरुण. अलामान्स जनरलने त्याला मोठ्या उपचारासाठी ड्यूक विद्यापीठाच्या इस्पितळात पाठवले. तेथे काळ्यांच्या वाट्याच्या खाटा भरल्या होत्या. गोऱ्यांच्या खाटेवर त्याला घेतले गेले नाही. तेथून त्याला डरहॅममधील कृष्णवर्णीयांच्या लिंकन इस्पितळात नेण्यात आले आणि तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात तो गेला. त्याचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही. लोकांनी त्याचे मरण ड्र्यू यांच्या नावावर लावून जपून ठेवले.