कुत्र्याच्या क्लासमधला क्लिकर आणि बी. एफ. स्किनर

कुत्र्याला क्लासला नेताना त्याचं पोट भरलेलं नको, सोबत ट्रीटचे बारीक तुकडे आणि क्लिकर हवा, असं सांगतात. यामागे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं डोकं आहे.

स्किनर १९०४ साली पेनसिल्व्हेनियात जन्मले. व्हायचं होतं लेखक. ते जमेना म्हणून हार्वर्डला मानसशास्त्राकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बला वाट दाखवायला त्यांनी चक्क कबुतरं तयार केली! लष्कराने ती वापरलीच नाहीत.

१९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांनी घरच्या घरी कुत्रा शिकवायची रीत लिहिली. आधी नुसता आवाज करायचा आणि लगेच तुकडा द्यायचा, असं पुन्हा पुन्हा. आवाज होताच कुत्रा खाऊकडे धावू लागला की तयारी झाली. मग तो हव्या दिशेला जरासा वळला, तरी त्याच क्षणी आवाज. उशीर केलात, तर मधे त्याने जे केलं तेच तो शिकणार. यात मारझोड नाही.

माणसालाही ते प्राण्यांच्याच मापाने मोजतात, ही टीका मात्र त्यांची पाठ सोडत नव्हती. क्लिकरचे क्लास फोफावले १९९०च्या दशकात. स्किनर १८ ऑगस्ट १९९० रोजी ल्युकेमियाने गेले. आठच दिवस आधी त्यांनी मानसशास्त्रज्ञांपुढे भाषण केलं होतं.