दगडांच्या शाळेत: व्हिओले-ल-द्युक

१८१४ साली पॅरिस येथे जन्मलेल्या युजेन व्हिओले-ल-द्युक यांनी वास्तुकलेच्या नामांकित विद्यालयात प्रवेश घेण्याचे साफ नाकारले. फ्रान्स व इटलीतील जुन्या वास्तू रेखाटीत हिंडणे, हेच त्यांचे शिक्षण. १८४० मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, व्हेझले येथील कोसळू पाहणारे मध्ययुगीन चर्च सावरण्याची जोखीम त्यांच्यावर आली. जड कमानी त्यांनी हलक्या करून पुन्हा बांधल्या, चर्च तगले. पुढे नोत्र दामच्या जीर्णोद्धारात त्यांनी स्वतःच्या कल्पनेचे लाकडी शिखर चढवले. जुन्यात नवे मिसळल्याचा आक्षेप त्यांच्यावर आला आणि तो अनाठायी नव्हता. मात्र गॉथिक कमानी भार कसा पेलतात, हे उलगडणारा त्यांचा १० खंडांचा कोश (१८५४-६८) अभ्यासकांना अजूनही लागतो. १८७९ मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. २०१९ च्या आगीत ते शिखर जळाले; पुन्हा उभारले गेले, ते त्यांच्याच आराखड्याप्रमाणे.