हुआन दे ओन्याते : वसाहतीचा संस्थापक आणि त्याचे स्मारक

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एल मोरो नावाचा वालुकाश्माचा उंच कडा आहे. पायथ्याशी पाण्याचा डोह असल्याने वाटसरू तेथे विसावत. १६०५ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत जाऊन परतताना हुआन दे ओन्याते याने आपण येथून गेल्याची नोंद त्या खडकावर कोरविली. ती आजही वाचता येते. आपल्या स्मृतीची तजवीज त्याने स्वतःच करून ठेवली होती, असे म्हणता येईल.

ओन्यातेचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास न्यू स्पेनमध्ये, म्हणजे आजच्या मेक्सिकोत झाला. वडील क्रिस्तोबाल हे साकातेकास येथील चांदीच्या खाणींचे एक धनाढ्य मालक. पत्नी इसाबेल ही विजेता कोर्तेस आणि पराभूत सम्राट मोक्तेसुमा या दोघांचीही वंशज होती.

१५९५ मध्ये त्याने उत्तरेकडे वसाहत स्थापण्याचा करार केला. खर्च बहुतांशी त्याचा, सत्ता मात्र स्पेनच्या राजाची. ३० एप्रिल १५९८ रोजी रिओ ग्रान्दे नदीकाठी त्याने तो प्रदेश राजाच्या नावे घोषित केला. पुढे प्वेब्लो लोकांच्या ओके ओविंगे या गावाला सान हुआन हे नाव देऊन त्याने तेथे मुक्काम केला. नंतर नदीपलीकडे सान गाब्रिएल ही वसाहत वसविली. अपेक्षित चांदी मात्र सापडली नाही. वसाहतीचा निर्वाह प्वेब्लोंच्या मक्यावर होऊ लागला आणि संघर्षाचे बीज तेथेच पडले.

डिसेंबर १५९८ मध्ये धान्य मागण्यास गेलेला ओन्यातेचा पुतण्या आकोमा येथे साथीदारांसह मारला गेला. जानेवारी १५९९ मध्ये स्पॅनिश सैन्याने आकोमा उद्ध्वस्त केले. शेकडो माणसे ठार झाली. जे वाचले त्यांना ओन्यातेने शिक्षा फर्मावली : २५ वर्षांवरील पुरुषांचा एक पाय तोडावा आणि त्यांच्याकडून २० वर्षे सक्तीची चाकरी घ्यावी. १२ वर्षांवरील स्त्रियांनाही तितक्याच वर्षांची चाकरी ठोठावण्यात आली.

उपासमार आणि असंतोष यांमुळे १६०१ मध्ये बहुसंख्य वसाहतवाले पळून गेले. १६०७ मध्ये ओन्यातेने राजीनामा दिला. १६१४ मध्ये मेक्सिको सिटीत आकोमातील क्रौर्यासह अनेक आरोपांवरून तो दोषी ठरला; त्याला दंड झाला आणि न्यू मेक्सिकोतून कायमचे हद्दपार करण्यात आले. १६२६ मध्ये स्पेनमध्ये त्याचे निधन झाले.

चार शतकांनंतर आल्काल्दे येथे त्याचा अश्वारूढ पुतळा उभा होता. वसाहतीच्या चतुःशताब्दीच्या सुमारास रात्री कोणीतरी त्या पुतळ्याचा उजवा पाय कापून नेला. २०२० मध्ये पुतळाच तेथून हलविण्यात आला. स्पॅनिश वंशजांसाठी तो पूर्वजांच्या धैर्याचे प्रतीक होता; आकोमाच्या वंशजांसाठी ती जिवंत जखम होती.

स्मारकाला व्यक्तीची एकच बाजू दाखविता येते. चरित्रकाराला मात्र खडकावरील अक्षरे आणि न्यायालयाचा निवाडा, दोन्ही वाचावे लागतात.

स्वाध्याय : गौरवपर स्मारक आणि चरित्र यांतील फरक ओन्यातेच्या जीवनाच्या आधारे स्पष्ट करा.