खोक्यांतला लुई आर्मस्ट्राँग

जॅझच्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात जगभर पसरलेली आहे. आपल्याकडे नारायणराव बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या कुणाकडे किती, यावरून जशा रात्री रंगतात, तशी ही मंडळी एखाद्या तबकडीच्या मागच्या बाजूवर क्लॅरिनेट नेमका कुणाचा, यावरून हमरीतुमरीवर येतात. पॅरिसच्या शार्ल दलोने याने तर १९३६ साली या तबकड्यांची जंत्रीच छापली. जंत्री आली म्हणजे वाद आले, आणि वाद आले म्हणजे पंथ आले. या पंथांत एक मत पुष्कळ वर्षे वेदवाक्य मानले गेले. खरा लुई आर्मस्ट्राँग म्हणजे १९२५ ते १९२८ या तीन-चार वर्षांतला. त्यानंतरचा तो केवळ पांढरा रुमाल हातात धरून दात दाखवणारा एक करमणूकदार! मला हे मत मान्य नाही. का मान्य नाही हे सांगायचे, तर त्याचे आयुष्यच सांगायला हवे.

लुई जन्मभर आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० अशी सांगत आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि नव्या शतकाचा उंबरठा, दोन्ही एकदम. तो गेल्यावर, १९८० च्या दशकात, न्यू ऑर्लीन्सच्या एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत खरी तारीख सापडली : ४ ऑगस्ट १९०१. बाप घर सोडून गेलेला, आई मेअॅन मिळेल ते काम करून पोट भरणारी, वस्ती दारूचे गुत्ते आणि मारामाऱ्या यांची. कार्नोफ्स्की नावाच्या लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या आणि कोळशाच्या गाडीवर हा पोरगा काम करी. गिऱ्हाइकांना बोलावण्यासाठी गाडीवरून तो पत्र्याची पिपाणी वाजवी. पहिले कॉर्नेट घेण्यासाठी पैसे उसने मिळाले तेही याच घरातून. त्या कुटुंबाने भरवलेले घास तो म्हातारपणीही विसरला नाही. १९६९ साली रुग्णालयातल्या खाटेवर बसून त्याने त्यांच्याविषयी पानेच्या पाने लिहिली.

३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री, सरत्या वर्षाच्या जल्लोषात, या पोराने घरातले पिस्तूल घेऊन रस्त्यावर हवेत गोळी झाडली. पोलिसांनी धरले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात नेऊन टाकले. तिथल्या बँडमध्ये पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याच्या हाती वाद्य दिले आणि रीतसर शिक्षणाला आरंभ झाला. १९१४ मध्ये तो बाहेर आला तो दिवसा कोळसा ओढायला आणि रात्री गुत्त्यांत वाजवायला.

त्याचा गुरू म्हणजे जो ऑलिव्हर, लोक त्याला किंग म्हणत. गंडाबंधन वगैरे काही नव्हते, पण नाते त्याच जातीचे होते. ऑलिव्हर शिकागोला गेला तेव्हा किड ओरीच्या बँडमधली त्याची जागा लुईला मिळाली. पुढे मिसिसिपी नदीवरच्या बोटींत फेट मॅरेबलच्या हाताखाली तो लिहिलेले स्वर वाचायला पक्का झाला. ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हरने शिकागोला बोलावून घेतले, दुसरा कॉर्नेटवादक म्हणून.

एप्रिल १९२३ मध्ये हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी गेला. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या एका मोठ्या भोंग्यापुढे सर्वांनी कोंडाळे करायचे, आणि आवाजाच्या हिसक्याने सुई मेणावर कोरत जायची. बाहेरून आगगाडी गेली की थांबायचे. लुईच्या फुंकेत इतका जोर, की तो जवळ उभा राहिला तर बाकीचे ऐकूच येईनात. म्हणून त्याला सर्वांच्या मागे दूर उभे केले, अशी हकीकत सांगतात. पियानोवर बसलेल्या लिल हार्डिनने यातून एक अर्थ काढला. दहा-पंधरा फुटांवरून जो सर्वांना झाकोळतो, तो दुसरा म्हणून का राहावा? फेब्रुवारी १९२४ मध्ये तिने लुईशी लग्न केले आणि काही महिन्यांतच त्याला गुरूच्या सावलीतून बाहेर काढले. लुई स्वतः कधीच निघाला नसता, असे मला वाटते. भिडस्त माणूस! या लिलबाईंचे ऋण जॅझच्या इतिहासकारांनी फार हात राखून मान्य केले आहे.

न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनकडे वर्षभर वाजवून तो शिकागोला परतला आणि १२ नोव्हेंबर १९२५ रोजी ‘हॉट फाइव्ह’ या नावाने पाच जणांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. गंमत अशी, की हा ताफा जवळजवळ केवळ ध्वनिमुद्रणापुरताच होता. संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्या याच तबकड्या. २८ जून १९२८ ची ‘वेस्ट एंड ब्लूज’ मी किती वेळा ऐकली याची गणती नाही. आरंभी साथ नाही, ठेका नाही, एकटा ट्रम्पेट. सुरुवातीचे चार स्वर तो पायऱ्या चढावे तसे ठेवतो आणि मग अशी एक तान घेतो, की ती कुठे उतरणार याचा अंदाज ऐकणाऱ्याने बांधावा आणि दर वेळी तो चुकावा. सारे पंधरा सेकंदांच्या आत. शेवटच्या आवर्तनात मात्र हाच माणूस वरचा एकच स्वर जवळजवळ चार मात्रागट धरून ठेवतो. मिरजेच्या खाँसाहेबांनी तीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग उभा केला, हे ज्यांना माहीत आहे त्यांना लुईचे कर्तृत्व वेगळे समजावून सांगायला नको. अवकाश तोच, तीन मिनिटे. फरक एवढा, की लुईच्या आधी जॅझमध्ये सगळे मिळून एकदम वाजवीत. एकट्याने पुढे येऊन उपज करावी आणि इतरांनी त्याला साथ करावी ही रीत रूढ केली ती मुख्यतः त्याने.

त्याच सुमारास शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो वाजवी. मे १९२६ च्या टेटच्या तबकडीवर पियानो आहे टेडी वेदरफर्डचा. हा वेदरफर्ड पुढे पूर्वेकडे आला, १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. म्हणजे लुईच्या खांद्याला खांदा लावून वाजवलेला माणूस अपोलो बंदरावर रोज संध्याकाळी वाजवीत होता. गोव्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना तर मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. १९५१ च्या ‘अलबेला’साठी सी. रामचंद्रांनी बांधलेल्या संगीतात त्यांचा ट्रम्पेट आहे. लुईचा वारा आपल्या घरात असा मागच्या दाराने कधीच शिरला होता. आपण त्याला नाव तेवढे विचारले नाही.

आता संग्राहकांकडे वळतो. १९३० च्या दशकात ‘हॉट फाइव्ह’च्या तबकड्या बाजारातून गेल्या होत्या. येल विद्यापीठात शिकणारा जॉर्ज अवाकियान हा पोरगा त्या हुडकत हिंडे. कोलंबिया कंपनीने १९४० मध्ये जुन्या तबकड्या पुन्हा काढण्याचे काम या विद्यार्थ्याकडेच सोपवले, तेव्हा लुईची कधीच न निघालेली काही मुद्रणेही त्याच्या हाती लागली. ही सेवा मोठी, यात शंका नाही. पण हुडकून काढलेल्या वस्तूवर माणसाचे जरा जास्तच प्रेम बसते. त्या प्रेमापोटी पुढचा लुई उणा ठरू लागला. १९३५ पासून जो ग्लेझर त्याचा व्यवस्थापक झाला, १९४७ पासून ‘ऑल स्टार्स’ हा लहान ताफा घेऊन तो वर्षाचे बहुतेक दिवस प्रवासात राहिला. ओठ फाटत, त्यावर वण धरत, तरी दौरा थांबत नसे. पंथीयांना हे सारे व्यापारी वाटले. नव्या पिढीतल्या डिझी गिलेस्पीला तर ते हसणे गोऱ्यांपुढची लाचारी वाटले. त्याने पुढे आपले शब्द मागे घेतले.

ते हसणे लाचारीचे होते का? सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेच्या दारात अडवले गेले. लुई तेव्हा नॉर्थ डाकोटात कार्यक्रमासाठी होता. एका तरुण बातमीदाराशी बोलताना त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात हिंमत नाही असे सुनावले आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत रशियाचा दौरा धुडकावला. त्याच्यावर बहिष्काराच्या हाका उठल्या. तो शब्दापासून हटला नाही. थोड्याच दिवसांत मुलांच्या संरक्षणासाठी लष्कर धाडण्यात आले. नावाजलेल्या किती कलावंतांनी त्या आठवड्यात तोंड उघडले होते, याचा हिशेब टीकाकारांनी मांडायला हरकत नव्हती.

पण मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो त्याच्या स्वतःच्या संग्रहाचा. १९४३ मध्ये चौथी पत्नी ल्यूसिल हिने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना या साध्या कामकऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. डिसेंबर १९५० मध्ये त्याने स्पूलचे टेपरेकॉर्डर घेतले आणि मरेपर्यंत तो ध्वनिमुद्रण करीत राहिला. दौऱ्यावर ही यंत्रे खास ट्रंकेत बरोबर असत. कार्यक्रम संपला, की हॉटेलच्या खोलीत स्पूल फिरू लागे. साडेसहाशेच्या आसपास फिती मागे राहिल्या. त्यांत गप्पा आहेत, चावट विनोद आहेत, शिव्या आहेत, वर्णभेदाबद्दलचा संताप आहे. ऑपेरा आहे. ज्यांना जॅझवाले नाक मुरडतात त्या गाय लोम्बार्डोचे मऊ-मऊ संगीतही आहे, आणि जो ऑलिव्हरच्या जुन्या तबकड्याही. त्या १९२३ च्या तबकड्या लावून म्हातारा लुई गुरूबरोबर पुन्हा वाजवतानाही ऐकू येतो. तेही दुसरे कॉर्नेट म्हणून नव्हे!

प्रत्येक फितीच्या खोक्यावर तो वर्तमानपत्रांची कात्रणे, तारा, चाहत्यांची छायाचित्रे कापून चिकटपट्टीने डकवी. एकदा तर त्याने भिंती आणि छतही असेच भरवायला घेतले; ल्यूसिलला ते रुचले नाही, मग खोक्यांवर भागवले. या खोक्यांत १९२८ चा लुई आणि १९६४ मध्ये ‘हॅलो, डॉली!’ने बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली खेचणारा बासष्ट वर्षांचा लुई शेजारीशेजारी बसतात. त्याच्या जंत्रीत आधीचा-नंतरचा, अस्सल-बाजारू असे कप्पेच नाहीत. दलोनेची जंत्री मला आवश्यक वाटते, पण विश्वास ठेवायचा तर मी लुईच्या जंत्रीवर ठेवीन.

१९६८ मध्ये हृदयविकाराने त्याला गाठले आणि पुढची दोन वर्षे बराच काळ घरी राहावे लागले. तेव्हा त्याने आपल्या खोलीत बसून सगळ्या फितींना नव्याने क्रमांक द्यायला, त्यांतला मजकूर हाताने नोंदवायला सुरुवात केली. नव्या फितीही भरल्या. ६ जुलै १९७१ रोजी पहाटे झोपेतच तो त्या घरी वारला. ल्यूसिल १९८३ पर्यंत होती. तिने त्याच्या खोलीतले काही हलवले नाही. खोकी पुढे क्वीन्स कॉलेजात नेऊन लावण्यात आली आणि २००३ साली घर लोकांसाठी उघडले. खोलीतली टेपयंत्रे अजून भिंतीतल्या कपाटात जिथल्या तिथे आहेत.