इरावती कर्वे आणि गुणात्मक संशोधनाची मूलतत्त्वे

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रश्नावली, टक्केवारी आणि स्तंभालेख येतात. बी.एड.च्या कृतिसंशोधनातही बहुतेक तेच असतं. किती मुलं गैरहजर राहिली हे आकडे सांगतात. पण का राहिली, हे त्या मुलाशी आणि त्याच्या आईशी निवांत बोलल्याशिवाय कळत नाही. या ‘का’च्या मागे जाणारं संशोधन म्हणजे गुणात्मक संशोधन. त्याच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा इरावती कर्वे यांचं आयुष्य समजून घेतलं तर विषय लवकर कळतो. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतोच, पण त्यांचं मूळ काम मानववंशशास्त्राचं. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात मोजमापानेच झाली.

जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील तिकडे नोकरीला होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न आणि १९२८ मध्ये बर्लिन.

बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशाची उच्चनीचता मानणारा हा माणूस, पुढे त्याचे विचार नाझींच्या कामी आले. त्यांनी इरावतीबाईंना मानवी कवट्यांच्या डाव्याउजव्या बाजूंतला फरक मोजायला दिला. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळी निघते का, हे पाहायचं होतं. शंभराहून जास्त कवट्या मोजून बाईंनी लिहिलं, वंशानुसार असा फरक दिसत नाही. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध! जे दिसलं तेच लिहायचं, हे संशोधनाचं पहिलं तत्त्व. आकड्यांच्या संशोधनालाही ते तेवढंच लागू आहे.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजमध्ये. तिथून पुढची तीसेक वर्षं त्या भारतभर हिंडल्या. मोजपट्टी त्यांनी कधीच टाकली नाही. माणसांची शरीरं मोजून जातींबद्दल काही ठरवण्याची ती पद्धत आज आपल्याला खटकते, आणि खटकायलाच हवी. पण मोजता मोजता त्या नातीही विचारत होत्या. कोण कोणाला काय म्हणतं, मुलगी कुठल्या घरात देतात, कुठल्या घरात देत नाहीत. यातून १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्यात निरनिराळ्या भाषांतल्या नात्यांच्या शब्दांना मोठी जागा आहे.

शब्दाला एवढं महत्त्व कशाला, असं कोणाला वाटेल. आपलंच उदाहरण घ्या. जुन्या घरांतून सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणायची. मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देण्याची रीत या दोन हाकांत टिकून आहे. प्रश्नावलीतल्या ‘सासू-सासरे’ या रकान्यात ती सापडणार नाही. लोकांचे शब्द लोकांच्याच तोंडून, जसेच्या तसे टिपायचे, ते यासाठी.

सगळ्यात शिकण्यासारखी मात्र त्यांची वारी. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. पुस्तकी भाषेत याला सहभागी निरीक्षण म्हणतात. लांबून पाहायचं नाही, त्यांच्यातलं एक होऊन राहायचं. भजन एक, वाट एक, पण त्यांच्या दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. हे त्यांना रोज खुपत राहिलं. मग त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका जवळ येऊन चालू लागल्या, हात धरून घरचं सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. प्रश्न विचारून जे मिळालं नसतं ते एका जेवणाने मिळालं.

शेवटी शेवटी बायका म्हणाल्या, पुण्याला तुमच्या घरी येऊ. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं की आत्ता जशा वागता तशाच तेव्हाही वागाल का. साधाच प्रश्न, पण बाईंच्या तो जिव्हारी लागला, आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. इथे निरीक्षण कोण कोणाचं करत होतं? संशोधकाची जात, शिक्षण, घर सगळं समोरच्याला दिसत असतं. ते अहवालातून वगळलं तर अहवाल अर्धाच राहतो. आपण पालकभेटीला वस्तीवर जातो तेव्हा आपल्याकडेही असंच पाहिलं जातं.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. धरणाची वीज मेगावॅटमध्ये मोजता येते. शेत, शेजार, देऊळ आणि सोयरिकीची गावं एकदम सुटली की काय होतं, हे त्या माणसांकडे जाऊनच कळतं. ती पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या.